एकाच लॅपटॉपवर जावा ८ आणि जावा १७ कसं नांदवायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. अंबाजोगाईला मामांचं कृषी सेवा केंद्र आहे. तिथलं बिलाचं आणि खत-बियाण्यांच्या साठ्याचं जुनं सॉफ्टवेअर जावा ८ वर चालतं, आणि त्याची डागडुजी तुम्ही तुमच्या लॅपटॉपवर करता. पुण्यात नोकरी मिळावी म्हणून स्प्रिंग बूट ३ (जावात वेब सॉफ्टवेअर बनवायचा तयार सांगाडा) शिकायला घेतलं, त्याला जावा १७ लागतं. १७ टाकलं की मामांचं सॉफ्टवेअर उघडत नाही, ते काढून ८ टाकलं की शिकणं बंद. आठवड्यातून दोन-तीनदा ही काढ-घाल चालू आहे. एकदा तर दुकानाच्या कॉम्प्युटरवरही १७ टाकून बघितलं आणि अर्धा दिवस बिलं हाताने लिहावी लागली. आता दुसरा लॅपटॉप घ्यावा का, असं विचारताय.

घेऊ नका. मी नांदेडला बरीच वर्षं मोंढ्यातल्या, म्हणजे धान्यबाजारातल्या, आडत दुकानांसाठी आणि दाल मिलसाठी सॉफ्टवेअर लिहितो आणि सांभाळतो. माझ्या मशीनवर आत्ता जावाचे चार संच आहेत: ८ चा ३२ बिट, ८ चा ६४ बिट, १७ आणि २१. ते एकमेकांच्या वाटेला जात नाहीत. तुमच्या लॅपटॉपवरही हे होईल, त्यासाठी रॅम वाढवायचीही गरज नाही.

तुम्ही "८ ठेवू की १७" असं विचारता, तिथेच गाडी अडलीय. या कॉम्प्युटरवर जावा कोणतं, याला एकच एक उत्तर असायची गरजच नसते. मामांच्या सॉफ्टवेअरला कोणतं आणि शिकण्याच्या प्रोजेक्टला कोणतं, एवढं ठरलेलं हवं. व्हर्जन त्या त्या कामाला बांधलेलं असतं, आणि ते त्या कामाच्या फोल्डरमध्येच लिहून ठेवायचं असतं. माझ्या सगळ्या पद्धतीचं मूळ एवढंच आहे.

जावा म्हणजे शेवटी एक फोल्डर. आत 'बिन' नावाचं फोल्डर, त्यात जावा.ईएक्सई. असे दहा फोल्डर शेजारी ठेवले तरी त्यांचं एकमेकांशी काही देणंघेणं नसतं. घोळ होतो तो नावावरून. एका वाड्यात तिघं बाबूराव राहतात आणि तुम्ही बाहेरून "बाबूराव" अशी हाक मारली, तर दाराजवळ बसलेला उठून येणार. कमांड प्रॉम्प्टवर नुसतं 'जावा' लिहिणं ही तशीच हाक आहे. दाराजवळ कोण बसलंय हे 'पाथ' नावाची यादी ठरवते. विंडोज त्या यादीतली फोल्डरं पहिल्यापासून बघत जातं आणि जिथे पहिलं जावा.ईएक्सई सापडतं तेच चालवतं. पुढे कोण आहे ते बघत नाही.

यात भर अशी की हाक मारणारे चार जण आहेत आणि चौघांची दारं वेगळी. कमांड प्रॉम्प्ट पाथ बघतो. मेव्हन, म्हणजे कोडमधून सॉफ्टवेअर बांधून देणारं साधन, आधी 'जावा होम' हे व्हेरिएबल (विंडोजमध्ये नोंदवलेला जावाच्या फोल्डरचा पत्ता) बघतं, ते नसेल तरच पाथकडे वळतं. एक्लिप्स किंवा इंटेलिजे ही कोड लिहायची सॉफ्टवेअरं स्वतःच्या सेटिंगमधली यादी बघतात. आणि मामांसारखं जार फाइलवर (जावाचं सॉफ्टवेअर ज्यात बांधलेलं असतं ती फाइल) डबल क्लिक केलं, तर विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे त्याच्या सेटिंगच्या नोंदवहीत, जार फाइल कोणी उघडायची म्हणून ज्याची नोंद आहे, ते जावा चालतं. म्हणून 'जावा -व्हर्जन' १७ दाखवतं आणि त्याच खिडकीत मेव्हन ८ वर चालत असतं, असं अगदी सहज होतं. तुम्ही दर वेळी १७ काढताना ही रजिस्ट्रीतली नोंदही उडत असणार किंवा नसलेल्या फोल्डरकडे बोट दाखवत राहत असणार. काढ-घाल करून गुंता वाढतोय तो असा.

तेव्हा आधी काहीही काढू नका, नुसतं बघा. कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि 'व्हेअर जावा' ही कमांड द्या. मशीनवर पाथमध्ये जितकी जावा आहेत ती क्रमाने येतील, सगळ्यात वरची ओळ म्हणजे दाराजवळचा बाबूराव. पॉवरशेलमध्ये नुसतं 'व्हेअर' लिहिलं तर काहीच दिसणार नाही, कारण तिथे त्या शब्दाचा अर्थ वेगळा आहे, 'व्हेअर.ईएक्सई' असं पूर्ण लिहावं लागतं. मग 'जावा -व्हर्जन' द्या, आणि लगेच 'एमव्हीएन -व्हर्जन' द्या. मेव्हन आपण कोणत्या जावावर उभे आहोत ते फोल्डरसकट सांगतं. दोन्ही उत्तरं जुळत नसतील तर तुमचा अर्धा आजार तिथेच सापडला.

बहुतेक वेळा वरच्या ओळीत 'जावापाथ' नावाचं एक फोल्डर दिसतं. ओरॅकल या जावाच्या मालक कंपनीचा इन्स्टॉलर ते स्वतःहून पाथच्या सुरुवातीला घालतो. तुम्ही आपलं फोल्डर पाथच्या शेवटी जोडता आणि काहीच का बदलत नाही म्हणून डोकं धरून बसता, त्याचं कारण हे. दुसरं कारण म्हणजे विंडोजमध्ये पाथ दोन असतात, एक सिस्टिमचा आणि एक युजरचा. दोन्ही जोडताना सिस्टिमचा आधी येतो, त्यामुळे युजरमध्ये कितीही वर लिहिलं तरी सिस्टिममधलं जावाच पुढे राहतं. आणि बदल केल्यावर आधीच उघडी असलेली खिडकी जुनंच धरून बसते. नवी खिडकी उघडूनच तपासा, एक्लिप्सही बंद करून परत उघडा.

आता चूक दाखवणारा संदेश (एरर) कसा वाचायचा. "उघडत नाही" हे निदान होत नाही, कारण दोन्ही बाजूंची कारणं वेगळी असतात. मामांचं सॉफ्टवेअर डबल क्लिकवर गप्प बसतं, कारण ते जावाडब्ल्यू.ईएक्सईने उघडतं आणि त्याला संदेश दाखवायला काळी खिडकीच नसते. कमांड प्रॉम्प्टमधून 'जावा -जार' आणि फाइलचं नाव असं चालवा, कारण डोळ्यांसमोर येईल.

संदेशात 'अनसपोर्टेड क्लास व्हर्जन' असेल तर नवा कोड जुन्या जावावर चालवला जातोय. तिथे ६१.० आणि ५२.० असे आकडे दिसतील. घाबरायचं नाही, आकड्यातून ४४ वजा करायचे: ६१ म्हणजे १७, ५२ म्हणजे ८, ५५ म्हणजे ११, ६५ म्हणजे २१. उलट बाजूचं, म्हणजे जुनं सॉफ्टवेअर नव्या जावावर चढवल्याचं दुखणं वेगळं दिसतं. 'जावाएक्स एक्सएमएल बाइंड' सापडत नाही असं आलं तर तो भाग २०१८ साली जावा ११ मधून काढून टाकलाय. 'इनअ‍ॅक्सेसिबल ऑब्जेक्ट' असं आलं तर जुनी लायब्ररी जावाच्या आतल्या भागात हात घालतेय, जे जावा १७ मध्ये पक्कं बंद झालं. मामांच्या सॉफ्टवेअरला यातलंच काहीतरी होत असावं.

इथे परिस्थितीवर अवलंबून असलेल्या गोष्टी सांगतो, कारण त्या न बघता दिलेला सल्ला तुम्हाला महागात पडेल.

पहिली, मामांच्या सॉफ्टवेअरचा सोर्स कोड तुमच्याकडे पूर्ण आहे का. नुसती जार असेल तर ते ८ वरच राहू द्या. दुसरी, त्याच्या खिडक्या जावाएफएक्स या खिडक्या बनवायच्या लायब्ररीत बनवल्यात का. ओरॅकलच्या ८ मध्ये जावाएफएक्स सोबत येत होतं, पण टेमुरिन या फुकट संचाच्या (त्याबद्दल पुढे सांगतो) ८ मध्ये ते नसतं. तसं असेल तर अझुल झुलू किंवा लिबरिका या जावाच्या दुसऱ्या संचांचा जावाएफएक्ससह असलेला संच घ्यावा लागेल. तिसरी, डेटा मायक्रोसॉफ्ट अ‍ॅक्सेसमध्ये आहे का. जावातून अ‍ॅक्सेसला जोडणारा जुना ओडीबीसी पूल जावा ८ मध्येच काढला गेला, त्यामुळे त्याहून जुनी काही सॉफ्टवेअरं ८ वरसुद्धा चालत नाहीत. तुमचं ८ वर चालतंय म्हणजे ही अडचण नाही, पण मोंढ्यात असं एखादं मशीन सापडतंच.

चौथी गोष्ट बिट्सची, आणि ती मी फार जवळून बघितलीय. वसमतला एका हळदीच्या आडत दुकानात आमचं सॉफ्टवेअर होतं. इलेक्ट्रॉनिक काट्याची सिरिअल केबल कॉम्प्युटरला, काट्यावर कट्टा (पोतं) ठेवला की वजन थेट पट्टीवर, म्हणजे शेतकऱ्याच्या हिशेबाच्या कागदावर. दुकानदाराने नवा कॉम्प्युटर घेतला, मी त्यावर जावा ८ टाकलं. तेच व्हर्जन, तोच आकडा. सॉफ्टवेअर उघडलं, जुन्या पट्ट्या दिसल्या, प्रिंटर चालला. मी निघालो. संध्याकाळी फोन आला की वजन शून्य येतंय. काट्याच्या डब्यावर आकडा दिसतोय, पडद्यावर मात्र शून्य. हमाल कट्टे घेऊन उभे, मागे टेम्पोची रांग. लॉग उघडल्यावर ओळ सापडली: ३२ बिटचं डीएलएल ६४ बिट प्लॅटफॉर्मवर लोड होत नाही. काटा वाचणारी डीएलएल (विंडोजच्या जोड-कोडची फाइल) ३२ बिटची होती आणि मी नवा कॉम्प्युटर म्हणून ६४ बिटचं जावा टाकलं होतं. ८ चाच ३२ बिट संच ठेवला आणि पहिल्याच कट्ट्याचं वजन बरोबर आलं. तेव्हापासून मी प्रत्येक कामाच्या वहीत आकड्यासोबत बिट आणि कोणाचा संच तेही लिहितो. 'जावा -व्हर्जन'च्या शेवटच्या ओळीत ६४-बिट असं लिहिलेलं नसेल तर तो ३२ बिटचा आहे. मामांकडे बारकोड मशीन किंवा काटा जोडलेला असेल तर हे आधी तपासा.

आता माझी पद्धत. इन्स्टॉलर वापरत नाही, झिप घेतो. एक्लिप्स अ‍ॅडॉप्टियमचा टेमुरिन हा ओपनजेडीकेचा, म्हणजे जावाच्या सर्वांना खुल्या कोडचा, संच आहे, फुकट आहे आणि दुकानात वापरायलाही मोकळा आहे. हे मुद्दाम सांगतो, कारण ओरॅकलच्या जावा ८ चा परवाना एप्रिल २०१९ मध्ये बदलला. त्यानंतरचे अपडेट घरगुती वापराला आणि शिकायला फुकट आहेत, धंद्यात वापरायला नाहीत. मामांचं दुकान हा धंदा आहे.

सी ड्राइव्हवर 'जेडीके' नावाचं एक फोल्डर करा आणि त्यात झिप उघडून 'जेडीके८' आणि 'जेडीके१७' असे दोन फोल्डर ठेवा. अर्थात ही नावं इंग्रजीत. प्रोग्रॅम फाइल्समध्ये ठेवू नका, त्या नावात मोकळी जागा आहे आणि जुन्या बॅच फाइल (कमांड लिहून ठेवलेल्या फाइल) तिथे अडखळतात. मग कंट्रोल पॅनलमधून आधीची सगळी जावा काढा, हे काढणं शेवटचं. सिस्टिमच्या व्हेरिएबलमध्ये जावा होम घाला आणि त्याची किंमत तुम्ही जास्त वापरता त्या १७ च्या फोल्डरची ठेवा. पाथमध्ये फोल्डरचं थेट नाव न लिहिता, सगळ्यात वर जावा होमचं 'बिन' टाका, म्हणजे जावा होम बदललं की पाथ आपोआप त्याच्यामागे जाईल. पाथ आणि मेव्हन यांचं तोंड एका दिशेला राहतं ते यामुळे.

मग मामांच्या प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये एक छोटी बॅच फाइल ठेवा. तीन ओळींची: 'सेट' कमांडने जावा होम ८ कडे वळवा, 'सेट'नेच पाथच्या पुढे ८ चं 'बिन' लावा, आणि शेवटी 'सीएमडी /के' म्हणजे खिडकी उघडी राहते. त्या फाइलवर डबल क्लिक केलं की जी खिडकी उघडेल तिच्यात ८, बाकी सगळ्या मशीनवर १७. त्या खिडकीतून मेव्हन चालवलं तर त्यालाही हेच वातावरण मिळतं. खिडकी बंद, विषय संपला. शिकण्याच्या फोल्डरमध्ये १७ ची तशीच फाइल ठेवा, आज गरज नसली तरी. उद्या २१ घ्याल तेव्हा आजच्या प्रोजेक्टला कळलं पाहिजे आपण कोणाचे.

एक कळकळीची सूचना. 'सेट'च्या जागी 'सेटएक्स' वापरून पाथ बदलू नका. ते बदल कायमचा करतं, सिस्टिम आणि युजर दोन्हीचा पाथ एकत्र करून लिहितं आणि १०२४ अक्षरांच्या पुढचं कापून टाकतं. सुरुवातीच्या वर्षांत मी एका गिऱ्हाइकाच्या मशीनवर हे केलं आणि पाथचा निम्मा भाग गेला. डेटाबेसच्या कमांडसुद्धा सापडेनात. कुठली फोल्डरं होती ते आठवून आठवून भरण्यात रात्र गेली.

लिनक्स असेल तर हेच काम एसडीकेमॅन हे साधन छान करतं. प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये '.एसडीकेमॅनआरसी' नावाची फाइल ठेवायची, 'एसडीके एन्व्ह' म्हटलं की त्यातलं व्हर्जन लागू. उबंटूचं 'अपडेट-अल्टरनेटिव्ह्ज' मी टाळतो, ते सगळ्या मशीनचं जावा बदलतं आणि आपण परत तुमच्या आजच्या ठिकाणी येतो. डॉकरबद्दलही (सॉफ्टवेअर वेगळ्या डब्यात बंद करून चालवणारं साधन) अनेक जण सांगतील. रॅम १६ जीबी असेल तर जरूर शिका, पण ४ किंवा ८ जीबीच्या विंडोज लॅपटॉपवर एवढ्यासाठी डॉकर बसवणं मला पटत नाही. शिवाय मामांचं सॉफ्टवेअर खिडक्यांचं आहे, ते डॉकरमध्ये कोंबण्यात फायदा काहीच नाही.

इथपर्यंतचं जमलं की पुढचा प्रश्न तुम्हाला पडेलच: १७ च्या कंपायलरला (लिहिलेल्या कोडचं चालणारं सॉफ्टवेअर करणाऱ्या प्रोग्रॅमला) ८ साठी कोड बनवता येतो, मग ८ ठेवायचंच कशाला? येतो, पण कसा सांगता यावर सगळं आहे. मेव्हनमध्ये 'सोर्स' आणि 'टार्गेट' दोन्ही ८ लिहिले तर भाषा ८ ची तपासली जाते, पण जावाच्या लायब्ररीतली कोणती मेथड ८ मध्ये होती हे तपासलं जात नाही. स्ट्रिंगवर 'इज ब्लँक' ही मेथड घ्या. ती ११ पासून आहे. तुमच्या १७ वर कंपाइल होईल, दुकानातल्या ८ वर सॉफ्टवेअर उघडेलही, आणि ज्या बटणामागे ती ओळ आहे ते बटण मामांनी दाबलं की 'नो सच मेथड' येऊन थांबेल. समोर गिऱ्हाईक उभं असताना. त्यासाठी 'सोर्स-टार्गेट' न लिहिता 'रिलीज' ८ लिहा, ही सोय जावा ९ पासूनच्या कंपायलरमध्ये आहे. मग चूक तुमच्या लॅपटॉपवर कंपाइल करतानाच पकडली जाते. तरीही शेवटची चाचणी खऱ्या ८ वर करायचीच, म्हणून ८ चं फोल्डर ठेवायचं.

मराठी छपाई असेल तर आणखी एक कारण आहे. जावा ९ मध्ये अक्षरं जुळवणारं इंजिन बदललं, आयसीयूच्या जागी हार्फबझ आलं. माझ्या एका सॉफ्टवेअरमध्ये पट्टीवर शेतकऱ्याचं नाव देवनागरीत छापलं जायचं. ८ वरून १७ वर नेल्यावर जोडाक्षरांची रुंदी थोडी बदलली, आणि 'ज्ञानेश्वर'सारखं लांब नाव आलं की शेजारचा हमालीचा रकाना सरकायचा. पडद्यावर काहीच कळलं नाही, कागदावर कळलं.

एक्लिप्सबद्दल एवढंच, की अलीकडच्या एक्लिप्सला स्वतःला चालायला १७ पेक्षा जुनं जावा चालत नाही, अगदी नव्या आवृत्त्यांना तर २१ लागतं, आणि तुमचा प्रोजेक्ट कोणत्या जावावर चालणार ही वेगळी सेटिंग आहे. 'इन्स्टॉल्ड जेआरई'मध्ये दोन्ही फोल्डर जोडा आणि प्रत्येक प्रोजेक्टला त्याचं त्याचं नेमून द्या. आणि स्प्रिंग बूट ३ ला १७ पेक्षा जुनं जावा चालतच नाही, नोव्हेंबर २०२२ मध्ये ते आलं तेव्हापासूनची ती अट आहे. तेव्हा ते ८ वर बसवण्याच्या खटपटीत वेळ घालवू नका.

राहिला दुकानाचा कॉम्प्युटर. तिथे वरचं काहीच करू नका. तिथे पाथ नको, जावा होम नको, रजिस्ट्रीवर विसंबणं नको. जेआरई ८ चं, म्हणजे सॉफ्टवेअर नुसतं चालवण्यापुरत्या जावाचं, फोल्डर सॉफ्टवेअरच्या फोल्डरमध्येच ठेवा आणि डेस्कटॉपवर असा शॉर्टकट करा जो त्या फोल्डरमधल्या जावाडब्ल्यू.ईएक्सईला पूर्ण पत्त्याने बोलावून जार उघडेल. मग उद्या कोणी त्या मशीनवर दुसरं कुठलंही जावा टाको, अपडेट येवो की काढलं जावो, बिल निघत राहील. मामांना फक्त एवढं सांगा की जारवर डबल क्लिक करायचं नाही, हा शॉर्टकट वापरायचा. शक्य असेल तर जार अशा ठिकाणी ठेवा की त्यांच्या हाताला लागणारच नाही.

हे दुकानावरचं काम मात्र मृगाच्या तोंडावर काढू नका. पेरणीच्या दिवसांत बियाण्याच्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते, तेव्हा सॉफ्टवेअर तासभर बंद राहणंही परवडत नाही. गर्दी ओसरल्यावर एखाद्या संध्याकाळी, दुकान वाढवल्यानंतर बसा. आधी डेटाबेसची एक प्रत पेन ड्राइव्हवर घ्या, जुनं जावा तसंच ठेवा, नवा शॉर्टकट शेजारी करा, एक खोटं बिल करून कागदावर छापून बघा आणि ते रद्द करा. दोन-चार दिवस मामांनी नव्या शॉर्टकटवरून काम केलं आणि तक्रार आली नाही, की मग जुनं जावा काढा. मध्येच अडलात तर 'व्हेअर जावा'च्या सगळ्या ओळी आणि चूक दाखवणारा संदेश जसाच्या तसा मला पाठवा, त्यातला एकही आकडा गाळू नका.